बुलढाणा जिल्ह्यात बुडालेलं जहाज

आमच्या थोरलीला बघायला मलकापूरचे पाहुणे आले होते. चहा-पोहे झाले, तसं मुलाच्या काकांनी मिशीवरून हात फिरवत विचारलं, "मुलीचे वडील काय करतात म्हणे?" आमच्या मेव्हण्याने छाती फुगवून सांगितलं, "सरकारी बोट चालवतात." काकांनी कप बशीत ठेवला. "बोट? देऊळगाव राजाले? बाप्पा! आमच्या मलकापूरले एवढं मोठं टेसन हाये, पण तुमच्याकडे बंदर कवा झालं हो?" सगळी बैठक हसली, मीही हसलो, आणि हसण्याच्या भरात लग्न जमूनही गेलं. व्याही मात्र आजतागायत मला 'कप्तान' म्हणतात, आणि त्यांच्याकडे जेवायला बसलो की आमटी वाढताना विचारतात, "कप्तान, पाणी किती खोल हाये?"

त्यांचं चूक नाही. आमच्या जिल्ह्याला समुद्र नाही, खाडी नाही, आणि उन्हाळ्यात पाहिलंत तर नदी आहे की नाही अशीही शंका येते. मी मुळात जीपचा ड्रायव्हर. एका पावसाळ्यात वरून रबरी बोट आली. ती कोण चालवणार यावर बरीच चर्चा झाली आणि जो चार चाकं सांभाळतो त्याला बिनचाकाचं काय अवघड, अशा तर्काने बोट माझ्या गळ्यात पडली. पुढची सगळी नोकरी मी पुरात, धरणात आणि विहिरींच्या काठावर केली. निवृत्त झालो तेव्हा सत्कारात मला शाल आणि नारळ मिळाला. नारळ तरंगतो का, ते मी घरी येऊन पाहिलं. तरंगतो.

धंदा काय ते थोडक्यात सांगतो. रबरी बोट म्हणजे हवा भरलेले दोन जाड फुगे, मध्ये तळाला फळ्या, मागे पेट्रोलचं इंजिन. फुग्यांना आतून कप्पे असतात, एका कप्प्याची हवा गेली तरी बाकीचे तरंगतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे मी तिचा गैरफायदा घेणार आहे. दुसरं, बुडणारा माणूस ओरडत नाही. सिनेमातला ओरडतो, कारण त्याला त्याचे पैसे मिळतात. खरा माणूस उभ्याउभ्या, गुपचूप खाली जातो. त्याला समोरून धरायला गेलात तर तो तुमच्या डोक्यावर चढून बसतो, मग तो सख्खा भाऊ का असेना. म्हणून मागून जायचं, कॉलर धरायची आणि मोठ्याने, एकेरीत हुकूम सोडायचा. घाबरलेल्या डोक्यात लांब वाक्य शिरत नाही. "अहो, जरा हात सैल करता का" म्हणेपर्यंत दोघंही तळाला पोचतात.

हे सगळं मला शिकवलं एका म्हाताऱ्या खलाशाने. आम्हाला प्रशिक्षणासाठी खाडीवर पाठवलं होतं, तिथे हे गृहस्थ होते. सगळे त्यांना तांडेल म्हणायचे. उमेदीची सारी वर्षं जहाजावर काढलेली, आणि बुडालेल्या जहाजांच्या गोष्टींचं त्यांना वेड. दुपारी आम्ही सुकत घातलेल्या दोरांवर बसायचो आणि ते एकेक जहाज बुडवायचे.

मी एकदा शहाणपणा करून म्हणालो, "पण तांडेल, समुद्रावर एक बरं असतं. बायका-मुलं आधी, असा कायदाच असतो."

तांडेलांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा जीपचा ड्रायव्हर झालो. "कायदा? कुठे लिहिलाय?" मग त्यांनी समजावून सांगितलं. हिमनगावर आपटलेलं ते मोठं जहाज सगळ्यांना ठाऊक असतं. तिथे बायकांना आधी होड्यांत बसवलं, खरं आहे. त्याच्याही आधी आफ्रिकेच्या किनाऱ्याला एक फौजेचं जहाज फुटलं. तिथे शिपाई रांगेत उभे राहिले आणि बायका-मुलांची होडी निघून गेली, हेही खरं. पण ही दोन उदाहरणं लोकांच्या लक्षात राहिली ती नवलाची म्हणून. बाकी बहुतेक जुन्या जहाजांत उलटं झालं. बायका जास्त बुडाल्या, लेकरं त्याहून जास्त, आणि खलाशी व कप्तान सुखरूप किनाऱ्याला लागून बायकांच्या धीराचं कौतुक सांगत बसले. जिथे वरच्याने कडक हुकूम दिला आणि तो पाळायला लावला, तिथेच बायका वाचल्या.

"समुद्राला कळत नाही कोण बाई नि कोण बाप्या," तांडेल म्हणाले. "जहाजाला कळतं."

त्या हिमनगवाल्या जहाजातही वरच्या मजल्यावरच्या श्रीमंत बायका जवळजवळ सगळ्या वाचल्या आणि तळातल्या गरीब बायका निम्म्याहून जास्त गेल्या. होड्या टांगलेल्या वरच्या मजल्यावर. तळातल्या बाईला जिना सापडेना, पाट्या वाचता येईनात, आणि वर जायची मुभा आहे की नाही हे सांगायला कोणी येईना. मला सगळ्यात गंमत वाटली ती दुसऱ्या वर्गाच्या पुरुषांची. सगळ्यांत वाईट गत त्यांची झाली. त्यांच्यापाशी पहिल्या वर्गाचा पैसा नव्हता, बाईचा मान नव्हता, आणि लोक काय म्हणतील ही भीती मात्र पुरेपूर होती. तांडेलांनी हे सांगितलं तेव्हा आमच्या तुकडीतले दोन कारकून आणि एक मास्तर तिथल्या होड्या मोजू लागले.

मी हे सगळं गंमत म्हणून ऐकलं. त्याचा अर्थ मला पुढे एका पुलावर कळला. नदीला पाणी चढलेलं, पुलावरून वाहणारं, आणि वऱ्हाडाचा ट्रॅक्टर त्यात घातलेला. ट्रॉली कलंडली. बाप्ये मडगार्डवर, कडेच्या पत्र्यावर बसलेले, त्यांनी उड्या मारल्या आणि झाडाझुडपांना धरून बाहेर आले. बायका ट्रॉलीच्या तळाला, आहेराच्या सामानात, मांडीवर लेकरं घेऊन. एका तरुण सुनेला मीच बाहेर काढलं, जीव गेल्यावर. तिची जाऊ काठावर मला सांगत होती, "भाऊ, तिले वेळ होता जी. ती उठली बी होती. पण मामाजी उतर म्हनले नाई, तं ती परत खाली बसली." सासरा उतर म्हणेना म्हणून बसलेली ती बाई कडेपासून हाताच्या अंतरावर होती. त्या दिवशी मी घरी येऊन जेवलो नाही, आणि पुढे कधी कुणी 'बायका-मुलं आधी' म्हटलं की मला राग यायचा. अजूनही येतो.

तेव्हापासून मी गावोगाव वर्ग घेताना पुराची माहिती कमी आणि जहाजं जास्त सांगू लागलो. साहेब वैतागायचे. "अहो, दुसरबीडच्या शेतकऱ्याला अटलांटिक महासागर कशाला?" पण लोकांना आवडायचं. मी विचारायचो, "तुमच्या गावात लग्नाची पंगत कशी बसते?" पुढारी आधी, मग पाहुणे, मग गडीमाणसं, आणि शेवटी बायका, उरलं तर. "मग जेवायला जी शेवटी, ती बुडताना एकदम आधी कशी येईल हो?" यावर पुरुष हसायचे आणि बायका हसायच्या नाहीत.

आता ज्या गावाची गोष्ट सांगायची त्याचं नाव लिहीत नाही, कारण गावकरी अजून धडधाकट आहेत आणि माझं घर त्यांना माहीत आहे. धरणाच्या फुगवट्यावरचं गाव. धरण झालं आणि गाव या काठाला, बरीचशी शेतं पाण्यापलीकडे, असं होऊन बसलं. म्हणून ग्रामपंचायतीने पत्र्याची एक होडी घेतलेली. तिला सगळे डोंगा म्हणत. कापूस वेचायच्या दिवसांत रोज सकाळी बाया डोंग्यात बसून पलीकडे जायच्या आणि संध्याकाळी कापसाच्या गाठोड्यांसकट परत यायच्या. त्यांतल्या एखाददुसरीलाच पोहता येत होतं. पोरांना विहिरीत पोहायला शिकवायची पद्धत आहे आपल्याकडे. पाठीला रिकामा डबा बांधायचा आणि काठावरून ढकलून द्यायचं. पोरीला कोण ढकलतो? ढकलली तर पोलिसांत केस होते.

सरपंच बापूराव. पांढरा सदरा, पांढरं धोतर, भरघोस आवाज, दिलदार माणूस. मी लाइफ जाकिटं घेऊन वर्गाला गेलो तेव्हा त्यांनी देवळासमोर सतरंज्या घालून ठेवल्या होत्या. पुरुष पुढे, बायका मागे, आणि बापूरावांची सून मीरा त्यांच्याही मागे, खांबाआड, डोक्यावर पदर. ती रोज मजुरांसोबत पलीकडे जायची, मळा तीच बघायची, पण सासऱ्यासमोर तिचा आवाज गावाने कधी ऐकलेला नव्हता.

मी जाकीट कसं घालायचं ते दाखवलं. जाकिटाला एक पट्टा असतो, तो मांड्यांमधून मागून पुढे घेऊन आवळायचा. तो नसेल तर पाण्यात जाकीट वर सरकतं, कानांपर्यंत येतं, आणि माणूस खालून निसटतो. शंका विचारा म्हटलं. पुरुषांनी इंजिनाचं ॲव्हरेज विचारलं. मग खांबाआडून हळू आवाज आला.

"भाऊ, हा पट्टा पातळावरून कसा बांधाचा जी?"

बापूरावांनी मान वळवली नाही, पण त्यांचे कान वळलेले मला दिसले. इतकी वर्षं मी जाकिटं वाटली, बायका ती पट्ट्याशिवायच घालायच्या, आणि मी मुकाट बघायचो. गोल साडीत तो पट्टा जाणार कुठून?

तेवढ्यात बायकांच्या पहिल्या रांगेतून गंगूआजी उठली. वय झालेलं, तोंडात तंबाखू, अंगावर काष्ट्याचं लुगडं. "आन इकडे," म्हणाली, माझ्या हातातलं जाकीट घेतलं, घातलं, पट्टा मांडीखालून सहज ओढून पुढे अडकवला आणि गिरकी घेऊन दाखवली. "घ्या! सगळ्या पोरी बुडतीन, मी एकटीच राहीन. मंग कापूस कोन येचन, तुमी?"

बायका खदखदून हसल्या. त्यांच्यात छाया होती, भीमनगरची, मजुरांच्या टोळीची मुकादम. पट्टीची पोहणारी. ती म्हणाली, "पातळाचा बी काष्टा घालता येते की. मांगून खोचला का झालं. पन जाकीट काई पवत नाई, भाऊ. बायाले पवाले शिकवा. मी शिकवतो म्हनलं तं जागा पायजे. फुगवट्यात गाळ हाये, तथी शिकनाऱ्याचे पाय रुततात."

तिची नजर गेली बापूरावांच्या विहिरीकडे. देवळापासून दिसायची. मोठी, दगडी पायऱ्यांची, बारमाही पाण्याची. पुरुषांत कुजबुज झाली. बापूरावांनी हात वर केला आणि भाषण केलं. गाव संस्कारी आहे, म्हणाले. बाईमाणसाने विहिरीत उड्या माराव्यात अशी पाळी आमच्यावर आलेली नाही. "डोंगा बुडालाच, तं आधी बाया-लेकरं, मंग आमी. हे आमाले जहाजावरून शिकाची गरज नाई."

मला राग आला. पण सरकारी नोकराने रागावायचं नसतं, म्हणून मी गोड हसलो. "बापूराव, मग एकदा रंगीत तालीम करू. तुम्ही म्हणता तसं झालं तर मी सतरंजी गुंडाळून जातो. नाही झालं तर विहीर बायकांना द्यायची, दुपारची."

"दिली!" बापूराव गरजले. अख्ख्या गावासमोर. खांबाआड मीराचा पदर जरासा मागे सरकलेला मी पाहिला.

तालमीच्या आधी मी एकटाच गेलो आणि बांबू घालून फुगवट्याचा तळ चाचपला. काठापासून बऱ्याच आत एक जुना बांध बुडालेला होता, त्यावर पाणी जेमतेम कमरेइतकं. वरून मात्र काळंशार, अथांग दिसायचं. जागा ध्यानात ठेवली.

ठरल्या दिवशी सगळ्यांना जाकिटं घातली आणि रबरी बोटीत बसायला सांगितलं. कोणी कुठे बसायचं ते मी बोललो नाही. बापूराव आपसूक पुढे, नाकाशी. पुरुष दोन्ही बाजूंच्या फुग्यांवर, घोड्यावर बसावं तसे. बाया तळाला, फळ्यांवर, दाटीवाटीने. मीरा सगळ्यांच्या मध्ये, सासऱ्याला पाठमोरी. फुग्यावर जागा होती, पण सासऱ्याच्या बरोबरीने उंचावर सून कशी बसणार? मी तांडेलांची आठवण काढली. जहाज लहान होतं, मजले तेच होते.

बांधावर आल्यावर मी इंजिन बंद केलं आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून एका कप्प्याची झडप उघडली. फुस्स्स आवाज झाला. बोट एका अंगाला कलली.

"फुटली!" मी ओरडलो. "बोट बुडतेय! सरपंच, हुकूम द्या!"

बापूरावांनी हुकूम दिला. अगदी स्पष्ट, खणखणीत आवाजात "बाया-लेकरं आधी!" असं ते म्हणाले. फक्त म्हणताना ते हवेत होते. त्यांच्या मागे दोन्ही फुग्यांवरचे बाप्ये बेडकांसारखे पाण्यात पडले. डोळ्याचं पातं लवेपर्यंत बोटीत मी, बाया आणि पुरुषांच्या चपला एवढेच उरलो. बाया जिथल्या तिथे बसलेल्या. मीरा अर्धवट उठली होती, इकडेतिकडे पाहिलं आणि परत खाली बसली. पुलावरची ती सूनही अशीच उठून परत बसली होती.

पाण्यात बापूराव हातपाय झाडत होते. त्यांच्यापलीकडे छाया शांतपणे उभी होती. ती कधी उतरली ते मलाही कळलं नाही. पाणी तिच्या कमरेला.

"बापूराव," ती म्हणाली, "उभे राहा जी. पाय टेकतात."

बापूराव उभे राहिले. एकेक करत सगळे बाप्ये उभे राहिले. कमरेइतक्या पाण्यात ओल्या धोतरांची ती रांग, आणि बोटीत कोरड्या बायका. मग गंगूआजी बोटीच्या काठावरून वाकली आणि तिने अगदी जिज्ञासेने विचारलं, "काय रे बापू, आधी बाया म्हनला आन् मंग उडी मारली, का उडी मारून मंग म्हनला?"

मी बरेच पुढारी पाहिले. बहुतेकांनी यावर मला बदलीची धमकी दिली असती. बापूराव हसू लागले, इतके की पुन्हा पाण्यात बसले. काठावर आल्यावर एक जण त्यांच्या कानाशी लागला. विहीर द्या, पण तिथे छाया उतरणार का, असा काहीसा विषय होता. बापूरावांनी धोतर पिळलं. "विहीर माही हाये," म्हणाले, "आन् शब्द बी माहा हाये. जो शिकवन तो उतरन."

पहिल्या दुपारी मी मुद्दाम हजर होतो, विहिरीच्या काठावर, पाण्याकडे पाठ करून. छाया पायऱ्या उतरून गेली. मग आतून बराच वेळ काही आवाज नाही. मी घाबरून हाक मारली, तर ती म्हणाली, "पानी पेऊन राह्यली, भाऊ. माह्या आजीले ह्या विहिरीचं पानी वरून ओंजळीत ओतून भेटे. मी आतून पेऊन पाह्यलं." "कसं आहे?" मी विचारलं. "सारखंच हाये," ती म्हणाली, आणि पहिली बाई डबा बांधून पाण्यात ढकलली. तिची किंकाळी ऐकून शेजारच्या मळ्यातला बैल दावं तोडून पळाला.

मी वरून माझा भाग शिकवायचो. बुडणाऱ्याला मागून धरा, एकेरीत ओरडा, मर्यादा काठावर ठेवा. बायांना त्याचंच सगळ्यात हसू यायचं. एकीने विचारलं, "सासरा असला तरी?" मी म्हटलं, "सासरा असो की कलेक्टर. पाण्यात जो घाबरला तो लहान." दिवाळीच्या आत मीरा ती विहीर आडवी पार करायला लागली होती.

खरा डोंगा उलटला तो कापसाच्या ऐन हंगामात, आणि उलटवला खुद्द बापूरावांनी. त्या दिवशी ते मळा बघायला पलीकडे गेले होते. परतताना डोंग्यात कापसाची गाठोडी, बाया आणि हे. बायांनी काष्टे खोचून, पट्टे आवळून जाकिटं घातलेली. बापूरावांनी आपलं जाकीट बुडाखाली घेतलं होतं, पत्रा तापला होता म्हणून. मधोमध आल्यावर त्यांचा फोन वाजला. आवाज तुटतो म्हणून रेंजसाठी ते उभे राहिले, आणि रेंज मिळेना म्हणून गाठोड्यावर चढले. पुढचं सांगायला नको.

मला फोन गेला, मी बोट जीपला जोडून सुसाट निघालो, आणि पोचलो तेव्हा माझ्यासाठी काही काम शिल्लक नव्हतं. सगळ्या नोकरीत उशिरा पोचल्याचा इतका आनंद मला दुसऱ्यांदा झाला नाही. बाया काठावर पदर पिळत बसल्या होत्या. गंगूआजी तरंगत आली होती आणि तंबाखूची चंची भिजली म्हणून डोंग्याला शिव्या देत होती. छायाने दोघी-तिघींना ओढून आणलं होतं. आणि बापूराव आडवे पडून खोकत होते, त्यांच्या सदऱ्याची कॉलर पाठीपर्यंत फाटलेली. जवळ मीरा बसली होती. डोक्यावर पदर नव्हता आणि तो नाही हे तिच्या गावीही नव्हतं.

काय झालं ते मी नंतर दहा जणींकडून ऐकलं, छायाचं सांगणं सगळ्यांत खरं धरतो. बापूरावांना लहानपणी पोहायला येत होतं, पण पोट सुटल्यावर आणि धोतर पायात गुंडाळल्यावर ते जुनं शिक्षण उपयोगी पडलं नाही. ते गुपचूप खाली जाऊ लागले. छाया दुसऱ्या बाजूला गुंतलेली. मीरा निम्म्या वाटेवर पोचली होती, तिने मागे पाहिलं आणि उलटी फिरली. मागून गेली, कॉलर धरली. बापूराव वळले आणि दोन्ही हातांनी तिच्या गळ्याला मिठी घातली. दोघं खाली गेली, वर आली, पुन्हा खाली गेली. दुसऱ्यांदा वर आल्यावर मीराने तोंडातलं पाणी थुंकलं, आणि जो आवाज त्या गावाने लग्नापासून ऐकला नव्हता, तो दोन्ही काठांना ऐकू गेला.

"हात सोड बे! सोड म्हनलं नं! पाय मार बे, पाय मार!"

आणि बापूरावांनी सोडले. मुकाट्याने. पायही मारले.

मी पोचलो तेव्हा काठावर जो अवघडलेपणा होता, तो या 'बे'चा होता. माणसं वाचली, ते ठीक. पण सुनेने सरपंचाला, सासऱ्याला, भर पाण्यात, गावादेखत 'बे' म्हटलं, याचं आता काय करायचं ते कोणालाच कळत नव्हतं. आमच्याकडे बरोबरीच्या दोस्ताला बे म्हणतात, नाहीतर बैलाला. मीरा मान खाली घालून बसलेली. बापूराव उठले, फाटकी कॉलर सावरत घरी गेले. मला त्या रात्री झोप नीट लागली नाही. एकेरीत ओरडायचं शिकवणारा मीच होतो. मी घरी परतलो, पण त्या पोरीला त्याच घरात राहायचं होतं.

आठवडाभराने काही निमित्त काढून मी त्या गावात गेलो. दुपारची वेळ. विहिरीकडून गलका ऐकू आला म्हणून तिकडे वळलो. काठावर बाया दाटी करून वाकलेल्या, मध्ये मीरा, पदर पुन्हा डोक्यावर. आत डोकावलं तर पाण्यात बापूराव होते. पाठीला लहान पोरांसारखा रिकामा डबा बांधलेला, तोंड लाल, आणि छाया एका हाताने डबा धरून त्यांना गोल फिरवत होती.

"मामाजी," वरून मीरा हळूच, खालमानेने म्हणाली, "पाय मारा जी."

बापूराव नाकातोंडात पाणी घेत तिथूनच ओरडले, "जी नोको म्हनू व! जी म्हनलं का पाय चालत नाई!"